राजेश यादव, वय २५

२ मार्च ०९, सोम.
दुपारी लाइट गेली, सायबर कॅफे बंद. ऑनलाइन एम.एस्सी.चं लेक्चर अर्ध्यात अडकलं ते अडकलंच. विषय ‘आरोग्य माहितीशास्त्र’, घरी नाव काढायची चोरी. सासूबाई: "दोन पोरांची आई, आता कसली परीक्षा गो? पगार वाढणार हाय का?" मी नोकरी करते त्या दवाखान्यातली टीबीची सगळी कार्डं कॉम्प्युटरवर चढवली एकदाची. हाच प्रोजेक्ट. मान गेली कामातून.

५ मार्च, गुरु.
धडा: डबल नोंदी. नाव, वय, पत्ता सारखा, तर माणूस एकच. आपल्याकडे अशा सहा जोड्या निघाल्या. प्रत्येकीतली एक उडवली. कोर्सच्या सरांचा मेल: ‘छान.’ वर्षभरात पहिल्यांदा कुणी छान म्हणालं! सोमवारपासून औषधखिडकीवर माझीच छापील यादी. जुनं रजिस्टर कपाटात.

२० मार्च, शुक्र.
होळीनंतर गर्दीच गर्दी. रिपोर्टची सात पानं झाली. खिडकीवरच्या सलमाताई म्हणाल्या, "अगं, एकाच नावावर दोन-दोनदा औषध मागतायत. दुसऱ्यांदा येतो त्याला आज तिसऱ्यांदा परत पाठवला." मी मानही वर केली नाही. असतात असे, म्हटलं.

२५ मार्च, बुध.
राजेश यादव आला, गोळ्या गिळल्या, पण हलेना. "मॅडम, मेरे साथी को दवा क्यों नहीं देते? वो भी राजेश यादव है."
एकच लूमचा कारखाना, एकच खोली, एकच खाट. हा दिवसपाळी करून येतो, तेव्हा तो उठून रातपाळीला जातो. वय? "जो बाबू ने लिखा." आमच्याच कारकुनाने दोघांना अंदाजे २५ केलं. वडिलांचं नाव तेवढं वेगळं, आणि ते मी घेतलंच नव्हतं. कंटाळा, दुसरं काय.
म्हटलं, आत्ताच्या आत्ता भेजो उसको.
"वो तो कल गाँव गया. खाँसी में खून आने लगा था."
कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. सलमाताईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

२८ मार्च, शनि.
उरलेल्या पाच जोड्या सलमाताईंबरोबर दारोदार हिंडून तपासल्या. त्या खरंच डबल. म्हणून काय? पाय सुजलेत. इथल्या राजेशने गेलेल्याच्या गावातल्या दुकानाचा फोन नंबर दिला. लावला. "बुलाते हैं," म्हणाले. कुणी आलं नाही. सरांना कळवलं. उत्तर: ‘एकाच नोंदीचं काय एवढं? तळटीप द्या.’
ह्या सराला त्या दोघांच्या खाटेवर निजवायला हवं, मेल्याला.

३० मार्च, सोम.
रिपोर्टचा शेवटचा दिवस. सकाळपासून चारदा फोन, नुसती रिंग. त्याची नोंद परत चढवली, वडिलांच्या नावासकट. ‘स्थिती’च्या खान्यात चार पर्याय: उपचार चालू, बरा झाला, उपचार सोडून गेला, मृत. फॉर्म मीच बनवलेला. सोडून गेला कसं लिहू? तीनदा आला होता तो. परत पाठवला, असा पर्याय मी ठेवलेलाच नाही.
कॅफेवाला: "दीदी, टाइम हो गया."
खाना रिकामा ठेवला. सेव्ह होत नाही.