लग्नाच्या फोटोत लग्न नाही

वडनेर
८ जानेवारी २०२४

चि. अपेक्षास,
मावशीकडून सप्रेम जयभीम आणि ओंजळभर आशीर्वाद.

पत्र पाहून हसू नको. फोनवर तू बोलतेस तेव्हा मले नुसता पंखा चालू असल्यासारखं ऐकू येते. अंकितनं कानाची मशीन आणून देली, पण ती घातली की शेजारच्या पंचफुलाच्या घरातलं भांडण माह्या घरात येते. म्हणून ठेवून देली डब्यात. बालवाडीत पोट्ट्यायचे हात धरून अक्षरं गिरवून घेतली, तं माह्यं अक्षर अजून शाबूत आहे. तेच वापरून राह्यली.

आनंदाची गोष्ट म्हणजे आमच्या अंकितचं जमलं. मुलगी गिरडची, नाव काजल. वर्ध्याले नर्सिंग शिकते, शेवटचं वर्ष राह्यलं आहे. तिच्या घरच्यायनं शिक्षणाचं विचारलं, तं मी म्हटलं, लग्न तं होऊ द्या, मंग पाहू.

हॉल पाहशील तं येडी होशील. हिंगणघाट रोडवर नवाच झाला. समोरून सारी काच, छत सुपासारखं वाकलेलं, खांब दोघांच्या कवेत न मावणारे. नळाखाली हात धरला की पाणी आपोआप येते. तुह्या काकाजींनी नळाले दोनदा हात दाखवून फसवलं, तं मॅनेजर पाहत राह्यला. तू मोठमोठ्या बिल्डिंगीचे फोटो काढतेस, मंग फोटोवाला बाहेरचा काऊन करावा? तूच येजो. आणि हॉल नीट दिसला पाह्यजे बरं. मोठ्या जावेच्या पोराच्या लग्नात लोकायनं सारा हॉल झाकून टाकलता.

माया आहे ती वाढवत ने, आणि गाडीत खिडकीची जागा पकडजो.

तुझी,
मीरामावशी


पुणे
१७ जानेवारी २०२४

ती. मीरामावशीस,
सविनय जयभीम, वि. वि.

अंकितदादाचं जमलं हे वाचून मी इथे एकटीच टाळ्या वाजवल्या. फोटोंचं काम मी नक्की करीन. खरं सांगायचं तर मलाच गरज आहे. बिल्डर लोक आता इमारत बांधायच्या आधीच संगणकावर तिचा फोटो तयार करतात. त्यात ऊन कधी मावळत नाही आणि झाडं लावल्या दिवशीच दुमजली असतात. मागच्या महिन्यात मी एका इमारतीचे खरे फोटो दिले, तर तिथले साहेब म्हणाले की चित्रापेक्षा इमारत फिकी वाटते, पुन्हा काढून आणा.

तेव्हा दुसरे विषय हाताळायचं ठरवलं आहे. एका खानावळीच्या थाळीचे फोटो काढले. मालक म्हणाला, वाट्यांच्या कडा सुरेख आल्या, पण भाजी कोणती ते कळत नाही. मैत्रिणीच्या बाळाचे काढले, तर पाळणाच फार चांगला आला. आठ वर्षं रिकाम्या इमारतींचे फोटो काढून माझं बोटच तसं झालंय. चौकटीत माणूस आला की ते थांबतं, माणूस निघून गेला की दाबतं. पण शिकेन.

एकच विनंती. पाहुण्यांनी मध्ये मध्ये मोबाइल काढू नयेत. फोटोत सगळ्यांच्या तोंडापुढे मोबाइल येतात.

तुमचा लोभ मला इथवर पुरतो, तो असाच येत राहो.

तुमची,
अपेक्षा


वडनेर
११ मार्च २०२४

चि. अपेक्षास,
जयभीम. आशीर्वाद पुढच्या पत्रात देईन.

अल्बम आला. जाड आहे, कागद गुळगुळीत आहे. सारं घर सतरंजीवर बसलं आणि पाहाले सुरुवात केली. पहिल्या पानावर हॉल. दुसऱ्या पानावर हॉल, बाजूनं. मंग खांब. मंग जिना, त्याच्यावर उन्हाचे पट्टे. मंग रिकाम्या खुर्च्यायची रांग, इतकी सरळ की दोरी लावल्यासारखी. मंग स्टेज, त्याच्यावर दोन मोठ्या खुर्च्या, त्याही रिकाम्या. मी म्हटलं, आता येतील. शेवटचं पान आलं, तिथं नळ होता.

अपेक्षा, माह्या पोराच्या लग्नात माणूस नाई. एका फोटोत खांबामागून एक कोपर दिसते. तुझे काकाजी म्हणतात ते त्यायचं आहे. ते खूश आहेत. रस्त्यानं जाणाऱ्याले बलावून दाखवून राह्यले. पंचफुला पाहून गेली आणि बाहेर जाऊन हळूच कोणाले तरी विचारलं म्हणे, की लग्न मोडलं का? तिनं स्वतः तिथं दोनदा बुंदी घेतली होती! पण फोटो पाहून तिलेच शंका आली.

आणि दुसऱ्या कोणाजवळ एक फोटो नाई. तू मोबाइल नको म्हटलं, तं तुझे काकाजी कापसाच्या जिनिंगमध्ये जन्मभर गेटवर होते. त्यायनं दारातच साऱ्यायचे मोबाइल सरकीच्या पोत्यात घेतले, तोंड शिवलं आणि जेवण झाल्यावर उसवलं.

आता काय करू ते कळव.

मीरामावशी


पुणे
२० मार्च २०२४

ती. मीरामावशीस,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा उभ्यानेच वाचलं. हॉल दिसला पाहिजे असं तुम्ही लिहिलं होतं, असं म्हणून सुटता येईल, पण तसं म्हणवत नाही.

सगळे मूळ फोटो मी पुन्हा चाळले. मी किती धीराने थांबले होते ते त्यांवरून कळतं. माणसं बाजूला होण्याची वाट पाहत राहिले, आणि माणसं भली, ती होत गेली. एक गोष्ट सांगायलाच हवी. मागच्या जिन्यावर काजल एकटी बसली होती. शालू, हार, आणि मांडीवर कॉलेजची पिशवी. ऊन पायऱ्यांवर नेमकं आलं होतं. मी तिला म्हटलं, जरा बाजूला होतेस का? ती लगेच उठली, सॉरी म्हणाली आणि आत गेली. तो जिना अल्बममध्ये आहे, उन्हाच्या पट्ट्यांचा. नवरीला तिच्याच लग्नातून मी बाजूला केलं, मावशी. ती तिथे पिशवी घेऊन का बसली होती, हेही विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल ते करायला मी तयार आहे. राग आहे तोवर राग असू द्या, पण पत्र बंद करू नका.

तुमची,
अपेक्षा


वडनेर
६ एप्रिल २०२४

चि. अपेक्षास,
जयभीम आणि मागचे-पुढचे मिळून आशीर्वाद, कारण आता रागावाले तू एकटी राह्यली नाई.

अंकितले हिंगणघाटले वीज कंपनीचं क्वार्टर भेटते. त्यासाठी लग्नाची नोंद पाह्यजे, आणि नोंदीले लग्नाचा फोटो. अंकित अल्बम घेऊन गेलता. नोंदणीचे साहेब भले माणूस. त्यायनं पूर्ण अल्बम पाह्यला, आपल्या पोरीसाठी हॉलचं भाडं विचारलं, आणि म्हणाले, नवरा-नवरी असलेला एक द्या.

म्हटलं, त्यात काय, हार घाला आणि अंगणात उभे राहा. शालू काढला, हार आणले. लग्नापासून मी तिले कॉलेजात धाडलं नव्हतं, तं काजल उभीच राहीना. म्हणे, शेवटचं वर्ष पूर्ण करीन, होस्टेलवर राहीन, असं साऱ्यायसमोर ठरू द्या, मंग हार घालीन. मी म्हटलं, बाई, लग्न झालेली सून अशी अटी घालते का? तं ती मले म्हणते कशी, मोठ्या अदबीनं, की आई, लग्न झालं असं कोण म्हणते? फोटो दाखवा.

मी अंकितकडे पाह्यलं. अंकित वर तारेकडे पाहून राह्यला, जशी लाइन गेली आहे. तुझे काकाजी म्हणाले, पोरीचं म्हणणं कागदाले धरून आहे. तेव्हापासून मी त्यायच्याशी बोलत नाई. त्यायले अजून समजलं नाई, कारण मले ऐकू येत नाई असं समजून तेही कमीच बोलतात.

गावात दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते लग्न झालं, एक म्हणते हॉलचं उद्घाटन झालं. दोन्ही पार्ट्या जेवून गेलेल्या आहेत.

तूच सांग, हिनं असं करावं का?

तुझी,
मीरामावशी


पुणे
१४ एप्रिल २०२४

ती. मीरामावशीस,
सविनय जयभीम, आणि जयंतीच्या मंगल कामना.

खाली मिरवणूक चालली आहे, खिडकीची काच थरथरते आहे, म्हणून अक्षर असं.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आईने सांगितलेलं मला आठवतं, की तुम्हाला बालवाडीच्या ट्रेनिंगला जायचं होतं तेव्हा तुमच्या सासूबाईंनी तुमची चप्पल पाण्याच्या टाकीत टाकली होती, आणि तुम्ही अनवाणी बसमध्ये चढलात. काजलने तर कोणाच्या चपलेला हात लावलेला नाही. ती फक्त हार घालत नाहीये. तिला हो म्हणा ना, मावशी.

आणि हार घालायचाच असेल तर पुरतं लग्न करा. मी येते. या वेळी भिंत नको, अंगण द्या. माणसं हलली तरी मी बोट दाबीन, शब्द देते.

तुमच्या उत्तराची आणि लोभाची, दोन्हींची वाट पाहते.

तुमची,
अपेक्षा


वडनेर
२४ एप्रिल २०२४

चि. अपेक्षास,
जयभीम.

चपलेचं तुह्या आईनं सांगाले नको होतं. मी दोन दिवस काजलशी बोलली नाई, मंग तिसऱ्या दिवशी तिच्या पिशवीचा तुटलेला बंद शिवून देला. तिनं पाह्यलं, तं मी सुई-दोरा डब्यात ठेवून देला.

मेच्या पाच तारखेले येजो. अंगणातच आहे.

मीरामावशी


वडनेर
९ जून २०२४

चि. अपेक्षास,
मावशीकडून सप्रेम जयभीम आणि मनभरून आशीर्वाद.

नवा अल्बम आला. यात माणसंच माणसं आहेत, पण बाई, तू माणसं बिल्डिंगसारखीच काढली. प्रत्येकाले सरळ उभं केलं, समोरून एक, बाजूनं एक, मागून एक. पंचफुलाले पाण्याची पातळी पाहाची नळी लावून सरळ केलं ते मले तेव्हाच खटकलतं. पण फोटो पाहून आता तीच म्हणते की आपण इतके ताठ आहोत हे तिले माहीत नव्हतं. लोक येऊन आपापली पाठ पाहून जातात. मीही माह्यी पाठ जन्मात पहिल्यांदा पाह्यली. माह्या आईसारखी आहे.

लोकायनं पुन्हा तेच कपडे घातले, पुन्हा आहेर आणला आणि पुन्हा बुंदी खाल्ली. दोन्ही पार्ट्या खूश. त्रिशरण-पंचशील झालं, नवरा-नवरीच्या प्रतिज्ञा झाल्या. मंग काजल म्हणाली की एक प्रतिज्ञा सासूचीही असावी. विधी लावणाऱ्या गुरुजींनी पुस्तक उलटंसुलटं पाह्यलं आणि म्हणाले, मनाई कुठं लिहिली नाई. तेव्हा मी उभी झाली. तिनं सांगितलं तसं मी म्हटलं की हिचं शिकणं मी थांबवणार नाई. मले माह्याच आवाज बरोबर ऐकू आला नाई, म्हणून दुसऱ्यांदा जोरात म्हटलं. बाहेर रस्त्यावरची बस थांबली. हा फोटो तू हललेला काढला आहे. तू पहिल्यांदा हलली असशील.

काजल होस्टेलवर गेली. अंकित क्वार्टरमध्ये एकटा राहते आणि कच्ची पोळी खाते. शिकेल.

नोंदीचा कागद आला, त्याच्यावर पाच मे लिहून आहे. साहेब म्हणाले, फोटो ज्या दिवसाचा, लग्न त्या दिवसाचं. म्हणजे सरकारच्या हिशोबानं फेब्रुवारीपासून ती आमच्या घरी पाहुणी होती. पंचफुला यावर फार हसली, तुझे काकाजीही हसले. मी हसली नाई. पाहुणी समजली असती, तं मी तिले असं वागवलं नसतं.

जवळ नसलीस तरी जीव इकडे ठेवजो.

तुझी,
मीरामावशी