बुडबुडे नसलेला फोटो

आष्टा,
शनिवार, ७ डिसेंबर २०२४

चि. क्रांतीस दादाचे आशीर्वाद.

दिवसातनं दोनदा फोन होतोय आणि हा बाबा पत्र लिहून वहिनीच्या हाती धाडतोय, म्हणून तू आधी हसशील. फोनवर मी रोज ठरवून बोलायला जातो आणि रोज दाजींची औषधं, मालिशवाला, असलं काहीतरी विचारून ठेवून देतो. म्हणून लिहितोय. एका जागी बसून वाच. मामंजी शेजारी असतील तर घाटावर जाऊन वाच.

इकडं सगळं ठीक. दीपमालाचा गुडघा परत धरलाय, तरी ती हे पत्र घेऊन उद्या एसटीनं वाईला येतेय. कुपवाडला वर्कशॉपमध्ये काम लय आहे, मालक रजा द्यायला तयार नव्हता. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, मोटरसायकलवरनं येताना जीव मुठीत धरून यावं लागतं. सोमवारची रजा मात्र मी भांडून घेतलीय.

आता सोमवारचा विषय आलाच. सोमवारी तू आणि मामंजी गाडी घेऊन येणार, मला मालवणला नेणार आणि स्कूबावाल्या तांडेलवर तक्रार देणार. साक्षीदार मी. परवा तू म्हणालीस, "दादा, तू होतास म्हणून हे जिवंत परत आले." अगं, ते ऐकून मी वर्कशॉपच्या मागं जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो.

तांडेलनं काही केलेलं नाही, क्रांती.

पहिल्यापासून सांगतो. मध्ये थांबलो तर परत जमायचं नाही.

दाजींनी कॅमेऱ्याला ते पाण्यात चालणारं कव्हर आणलं, तेव्हाचं आठव. घाटावर नवरा-नवरी उभे करून फोटो काढायचा वीट आलाय म्हणाले, एकदा समुद्राच्या आत जाऊन काढायचेत. पण पोहता कुठं येत होतं त्यांना! मग महिनाभर दर रविवारी ते आष्ट्याला यायचे आणि मी त्यांना आपल्या विहिरीत शिकवायचो. पाण्याखाली माझ्याएवढा वेळ राहणारा गावात दुसरा नाही, हा माझा माज तुला माहीतच आहे. तेच त्यांना शिकवलं. छाती भरून दम धरायचा आणि तळाला जायचं. घाबरलं की तोंड गच्च मिटायचं, तळाला लाथ मारायची, सरळ वर. "काय बी होऊ दे दाजी, वर येईस्तोवर दम सोडायचा न्हाई." पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून मी छातीवर मूठ ठेवायचो. मूठ म्हणजे दम धरा. शेवटी शेवटी ते माझ्याहून जास्त वेळ राहायला लागले. मला काय कौतुक त्याचं!

भाऊबीज झाली आणि आम्ही दोघं मालवणला निघालो. पहिला दिवस काय झकास गेला. निवतीच्या किल्ल्यावर चढलो. दाजी झुडपात वाकून वाकून खालच्या समुद्राचे फोटो काढत होते. मी म्हणालो, "आवं, सातारकरानं एवढ्या लांब येऊन परत डोंगरच चढायचा व्हय?" पोट धरून हसले. इतकं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी होडीत तांडेलनं सगळं समजावलं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. म्हणाला, "बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण श्वास कधीच अडवायचा नाही. घेत राहायचं, सोडत राहायचं. वर येताना आतली हवा फुगते. अडवलीत तर फुफ्फुस फाटतं." आमच्याकडनं तीनदा म्हणवून घेतलं त्यानं.

आणि मी काय केलं? तो पलीकडं वळल्यावर दाजींच्या कानात म्हणालो, "ह्ये पोहायला न येणाऱ्यांसाठी हाय. तुमी विहिरीत तयार झालाय. माझ्याकडं बघा फक्त."

खाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे अगदी हाताजवळ यायचे. पण दाजींनी श्वास सोडला की बुडबुड्यांचा गदारोळ, आणि मासे पसार. दोन-चारदा असंच झालं. दाजी वैतागले, ते मास्कमधनंसुद्धा कळत होतं. मी त्यांच्या समोर होतो. मी छातीवर मूठ ठेवली.

त्यांनी मान हलवली आणि दम धरला. बुडबुडे थांबले, मासे थांबले, फोटो निघाला. तेवढ्यात त्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. ते घाबरले आणि मी शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. तोंड मिटलं, लाथ मारली आणि वर. तांडेलनं टाकीचा पट्टा धरला होता, त्यालाही ओढत नेलं. तांडेल त्यांच्या पोटात गुद्दे मारत होता. तो दम सोडवत होता गं त्यांचा! "पाण्यात मारहाण केली" असं तू तक्रारीत लिहिलंयस, ते मी सांगितलं म्हणून. गुद्दे मी बघितले होते, कशासाठी ते गिळलं.

होडीत आल्यावर दाजी म्हणाले, "मिळाला फोटो." मग त्यांचं तोंड वाकडं झालं.

याहून वाईट अजून सांगायचंय. दवाखान्यात डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, वर येताना यांनी श्वास रोखला होता का? रोखला असेल तर हवा रक्तात शिरून मेंदूला गेली असणार, आत्ताच्या आत्ता गोव्याला दाबाच्या यंत्रात ठेवावं लागेल, जेवढा उशीर तेवढं नुकसान. दोनदा विचारलं. तांडेल बाहेर ओरडून तेच सांगत होता. मी डॉक्टरला म्हणालो, "तो स्वतःला वाचवायला बोलतोय. नाकातोंडात पाणी गेलंय, बास." मी सख्खा मेव्हणा. माझंच ऐकलं सगळ्यांनी. दुसऱ्या दिवशी मिरजेत तपासणीत हवा कळली, तोवर उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही.

त्या क्षणी फक्त तू डोळ्यांसमोर होतीस. तुला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. तुला तोंड दाखवायला नको म्हणून मी तुझ्या नवऱ्याचा उजवा हात घालवला.

तो फोटो तू मागितलास, मी पाठवला, तू मोठा करून त्यांच्या खुर्चीसमोर लावलास. सगळे म्हणतात, काय सुरेख मासा आहे, एक बुडबुडा नाही. मूळ फोटोत डाव्या कडेला माझी मूठ आहे, छातीवर ठेवलेली. ती कापून मी तुला पाठवला. दाजी दिवसभर त्या कापलेल्या कडेकडं बघत बसतात. तुला वाटतं, त्यांना मासा आवडतो. मागच्या खेपेला मी पाया पडायला वाकलो तर डाव्या हातानं त्यांनी माझी मूठ धरली आणि सोडेनात. तू म्हणालीस, "बघ, किती जीव आहे तुझ्यावर." क्रांती, तिथंच मरून जावंसं वाटलं मला.

आपण केलेल्या बोभाट्यानं तेव्हापासून तांडेलचं दुकान बंद आहे. घरी त्याची म्हातारी आई आहे, तिनं माझा नंबर शोधून फोन केला होता. शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "तुमी बघलात मां? मग सांगा."

उद्या दीपमाला वाईच्या गाडीत बसली की मी मालवणला निघतोय. तुम्ही सोमवारी पोचाल तेव्हा माझा जबाब झालेला असेल, पूर्ण फोटोही दिलेला असेल. आष्ट्याला मला घ्यायला येऊ नका. माफ कर असं वर दोनदा लिहिलं आणि खोडलं, ते मागायचं तोंड मला नाही. दाजींना मात्र तूच वाचून दाखव हे. त्यांना सगळं माहीत आहे, पण मी कबूल केलं एवढं त्यांना कळू दे.

तक्रारीच्या कागदावरचं तांडेलचं नाव खोड. त्या जागी काय लिहायचं ते खाली देतोय, पोलिसांना लागतं तसं.

रविराज भाऊसो थोरात,
वय ४३, धंदा नोकरी,
रा. आष्टा, ता. वाळवा, जि. सांगली.
जखमीशी नातं : बायकोचा भाऊ.