सोनाळ्याला गेलेली पोर

माय, आपला दवाखाना पाडला. बंद तर तो तू गेल्यावर थोड्याच वर्षांत झाला होता. डॉक्टर थकले, त्यांच्या मागे कोणी आलं नाही, आणि मग बाभळीच खिडकीतून आत शिरल्या. आता तिथे दुकानांचे गाळे होणार म्हणतात. जेसीबी लागणार असं कळलं, तेव्हा शाळेतून रजा टाकून मी बुलढाण्याहून आले. लोक हळहळायला आले होते. मी कशाला आले होते ते तुलाच सांगते. त्या भिंती पडताना मला पाहायच्या होत्या. तुला माझ्यापासून त्या दवाखान्यानं जेवढं नेलं, तेवढं दुसऱ्या कोणी नेलं नाही.

आपली खोली दवाखान्याच्या मागेच होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वॉर्डाचा व्हरांडा दिसायचा. सकाळी भाकरी टाकून, ओले केस तसेच बांधून तू नर्सची पांढरी साडी नेसायचीस, आणि दार ओलांडताना तुझा चेहराच बदलायचा. मी खिडकीशी उभी राहून पाहत असे. सातपुड्याकडच्या गावांतून बैलगाडीनं आलेल्या बाया तुझा हात धरून ठेवायच्या आणि तू त्यांच्या केसांवरून हात फिरवत काहीतरी बोलायचीस. काय बोलायचीस ते इथपर्यंत ऐकू यायचं नाही. पण तो हात माझ्या ओळखीचा नव्हता. घरी यायचा तो दमलेला हात. त्याला स्पिरिटचा वास असायचा, आणि तो माझी वेणी घालताना गाठी ओढून सोडवायचा. बाबा नोकरीच्या गावी, शनिवारी यायचे. म्हणजे आठवडाभर तू माझी एकटीची असायला पाहिजे होतीस. तशी तू कधीच नव्हतीस.

मग ती पोर आली. मी चौथीत होते. तिची आई बाळंतपणातच गेली, आणि बाप मयतीच्या निमित्तानं गेला तो फिरकलाच नाही. पोर एवढीशी, तळहातावर मावेल अशी. तू तिला कापसात गुंडाळलंस, सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून तिच्या दोन्ही बाजूंना ठेवलंस, बोळ्यानं थेंब थेंब दूध पाजलंस. ड्युटी संपली तरी तू घरी येईनास. आलीस तरी जेवता जेवता कान तिकडेच. तुझी एक पोपटी साडी होती, जुनी पण मऊ. तिचा मला फ्रॉक शिवून दे म्हणून मी किती दिवस मागे लागले होते. एका दुपारी शाळेतून येते तर तू ती फाडून बसलेली. दुपटी केलीस तिची. माझ्याकडे पाहून म्हणालीस, "तुले दिवाळीले नवं कापड घेऊ."

मला नवं कापड नको होतं, माय.

त्याच दिवशी मी चपला न घालता तशीच वॉर्डात गेले. तू तिला छातीशी धरून खाटेवर बसली होतीस आणि काहीतरी गुणगुणत होतीस. तू गाऊ शकतेस हेच मला माहीत नव्हतं. मी दारातूनच ओरडले, "माय, घरी चाल!" पोर दचकली, रडायला लागली. तू मान वर केलीस. "काऊन आली वं इथं?" मी म्हटलं, मला ताप आला आहे. तू उठलीस, माझ्या कपाळाला हात लावलास आणि तो लगेच काढून घेतलास. "काई ताप नाई. घरी जाय, भाकर झाकून ठेवली हाये." मी हलले नाही. तेव्हा तू हळू आवाजात म्हणालीस, "तुले माय हाय. तिले कोन हाय?" शेजारच्या खाटांवरच्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. मी घरी आले आणि भाकर गाईला घातली. तुझं म्हणणं खरं होतं, याचाच मला जास्त राग होता. आजही आहे.

बोरं पिकायच्या सुमारास सोनाळ्याहून तिची आजी आली आणि तिला घेऊन गेली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आता संध्याकाळ माझी. त्या संध्याकाळी तू चुलीपुढे बसलीस, पीठ मळलंस आणि परातीत हात तसाच ठेवून बसून राहिलीस. तवा तापून धुरायला लागला. मी हाक मारली तेव्हा म्हणालीस, "शेजारच्या काकूकडं जेवून घे आज." मी गेले. जेवता जेवता मला कळलं, ती गेली तरी जागा रिकामी झाली नाही.

त्या दिवशी जेसीबीनं व्हरांडा ओढला तेव्हा माझ्या बाजूला एक बाई पदर तोंडाशी धरून उभी होती. माझ्याकडे वळून वळून पाहत होती. शेवटी जवळ आली. "सिस्टरबाईची पोरगी तुमीच ना? नाकावरून वळखलं." मी मान हलवली. "मी याच दवाखान्यातली. मले सिस्टरबाईनं जगवलं. सोनाळ्याची मी." चाळिशी ओलांडलेली बाई, कानशिलावर पांढरे केस, आणि मी तिच्याकडे चौथीतल्या पोरीसारखी पाहत होते.

मग तिनं सांगितलं ते तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. "दर संक्रांतीले येत होत्या त्या आमच्याकडं. तिळाचे लाडू आनत, मले बांगड्या भरत. माह्या लग्नातबी आल्या होत्या." संक्रांतीच्या दिवसांत तू लसीकरणाच्या कॅम्पला जायचीस, माय. असं तूच सांगायचीस. मी तुला डबा बांधून दिला आहे त्या कॅम्पसाठी. तू खोटं बोललीस याचं मला एवढं वाटलं नाही. माझ्यापासून लपवावं लागतं हे तुला ठाऊक होतं, ते लागलं.

ती पुढे म्हणाली, "राग नका मानू ताई, पन मले लहानपनी तुमचा लय राग ये. त्या घडीभर बसत अन् मंग एस्टी सुटंल म्हनून उठत. म्हनत, घरी पोरगी वाट पाहून राह्यली असंल. मी पदर धरून ठेवो. आजी माही बोटं सोडवे."

मला बरं वाटलं, माय. तिच्या डोळ्यांदेखत बरं वाटलं, आणि तिनं ते पाहिलं असावं, कारण ती हसली. हसून म्हणाली, "आपली माय असती तं आज रडली असती." मी पटकन म्हणाले, "माझी माय." "हो, तुमचीच," ती म्हणाली, आणि पदर सारखा केला. तेवढ्यात मागची भिंत कोसळली. धुळीनं दोघी खोकत बाजूला झालो.

निघताना तिनं माझा नंबर घेतला. तिच्या लेकीचं लग्न आहे. "मायकडचं कोनीच नाई मले," ती म्हणाली. "मावशी म्हनून हळदीले उभ्या राहाल काय?" मी म्हटलं, शाळेच्या परीक्षा आहेत, पाहते. नंतर तिचा फोनही येऊन गेला. तेव्हाही हेच सांगितलं.

तू वाचणार नाहीस म्हणूनच हे लिहिता आलं. जिवंत असतीस तर एक ओळही लिहिली नसती. परीक्षा संपल्या आहेत, माय. लग्नाला नेसायची साडीसुद्धा घेऊन ठेवली आहे. पण तिला अजून सांगितलेलं नाही. तिनं आणखी एकदा फोन करावा, जरा आग्रह करावा, एवढं मला पाहिजे आहे.