विमान मागच्या उसात आहे

चंदना,

तुझं विमान मी उडवलं. दोरी न्हाय, तार न्हाय, मग ते ऐकतं कसं, एवढंच बघायचं होतं. लांब जाताना शहाण्यासारखं ऐकलं. माझ्याकडं तोंड करून आलं, तेव्हा मी रिमोटची काडी उजवीकडं केली तर ते माझ्या डावीकडं वळलं. असं का होतं गं? मी गडबडलो आणि ते मागच्या उसात पडलं.

शोधायला गेलोय. दिवस मावळायच्या आत सापडलं तर जेवण, न्हायतर उपास.

रिमोट गच्चीवर चालूच ठेवलाय. डाव्या काडीला हात लावू नको, पंखा फिरंल. उजवी हळूहळू हलवत राहा, म्हणजे विमानाची शेपटी कुरकुरती. त्या आवाजावर मी पोचतो.

पाहुणे बघून गेल्यापास्नं तू माझ्याशी बोलत न्हाईस. नको बोलू. नुसती काडी हलव, मी ऐकतोय.

आप्पा