दोन मजल्यांचा गठ्ठ्या

३ मार्च

तीर्थरूप आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्याकडच्या डॉक्टरांनी पाठवलेला गठ्ठ्याचा एक्स-रे पाहिला. लॅब्राडॉर जातीत खुब्याचं दुखणं बऱ्याचदा असतंच. गठ्ठ्याचाही डावा खुबा सैल आहे. पण खरी काळजी वजनाची. त्रेचाळीस किलो! आजोबा, हा कुत्रा आहे की सोफा? असंच चाललं तर ऑपरेशनची वेळ येईल. तीन महिन्यांत तो चौतिसावर आला नाही, तर मी त्याला कायमचा इकडे, माझ्या दवाखान्यात घेऊन येणार. रागवा, पण हे नक्की.

रागासकट लोभाची हक्कदार,
तुमची डॉक्टरीण नात

९ मार्च

चि. डॉक्टरीणबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना दाभण बोटात घुसला. गठ्ठ्याला नेणार? अगं, जन्मभर पुस्तकं बांधली, पण इतकं उघडं पुस्तक पाहिलं नाही. मनात येईल ते शेपटीवर छापलेलं! राखणीला शून्य. चोर आला तर त्याची पिशवी तोंडात धरून दारापर्यंत पोचवेल, तीही दात न लावता. याचे पूर्वज म्हणे दूर उत्तरेच्या थंड समुद्रावर कोळ्यांची जाळी ओढायचे, निसटलेले मासे अलगद उचलून आणायचे. हे वाचल्यापासून शाळेतल्या होड्यांच्या, लाटांच्या कविता ओठांवर येतात आणि बाकावर उभं राहून म्हणाव्याशा वाटतात.

मी त्याला दोनच वेळा देतो, एकेक वाडगा. वजन काय हवेतून येतं? वरच्या मजल्यावर ताईला, तुझ्या आत्याआजीला, विचारावं, तर आमचं बोलणं बंद. माझं चौथीचं कवितेचं पुस्तक तिने रद्दीत घातलं, त्याला दोन वर्षं झाली. तिला कुत्र्याचं कसलं कौतुक! जिन्यावरून हाकलत असेल बिचाऱ्याला.

लोभ ठेव, गठ्ठ्याला मात्र इथेच ठेव.
तुझे आजोबा

१४ मार्च

चि. सोनुलीस, अ. उ. आ.

तू पत्राने विचारलंस म्हणून सांगते. खाली बोलायचं नाही. तुझा आजोबा कुत्र्याला उपाशी ठेवतो. रोज सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी सातला तो मुका जीव धापा टाकत जिना चढतो, दारात बसतो आणि असा बघतो, की चौतीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलेल्या बाईचाही धीर सुटावा. मी पोटभर घालते. माझ्या पाळीत कधी कुणी उपाशी झोपलं नाही. माझा भाऊ कवितेवर जगतो, त्याला दुसऱ्याची भूक कुठली कळायला?

तुझ्या मायेवरचा हक्क सोडत नाही,
आत्याआजी

२० मार्च

ती. आजोबा आणि ती. आत्याआजी,
दोघांना मिळून सा. न. वि. वि.

गठ्ठ्या चार वेळा जेवतो! दोनदा खाली, दोनदा वर. या जातीतल्या बऱ्याच कुत्र्यांना पोट भरल्याचं कळतच नाही, म्हणून ते तसे डोळे. उपासमार नाही हो! मापाचा पेला आत्याआजीच्या नावाने पाठवते आहे, खाण्याचं पोतं आजोबांच्या नावाने येईल. पेला वर, पोतं खाली. पुढचं तुमचं तुम्ही बघा. रोज पोहायलाही न्या. खुब्यावर भार न येता पायांत ताकद येते.

लोभ दोघांचा हवा, अर्धा चालणार नाही.
डॉक्टरीण

२ मे

चि. डॉक्टरीणबाईंस, आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद!

कुठून सुरू करू? ताई खाली आली! हातात तुझा पेला, आणि दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य काय, तर माझा वाडगा हा वाडगा नसून पुस्तकं चिकटवायची खळ शिजवायचं पातेलं आहे. मोजून दाखवलं, तीन पेले! मी म्हटलं, तुझं पोटभर कुणी मोजलंय? मग तेही मोजलं. साडेतीन! अर्ध्या पेल्याने ती जिंकली आणि दोघांनी मिळून नवं माप ठरवलं. गठ्ठ्या मात्र मोजलेलं सगळं आपलंच, या आशेने शेपटीने पोतं बडवत होता.

आता रोज सकाळी तळ्यावर जातो. पाण्यात शिरला की हा प्राणी वेगळाच होतो गं! शेपटीचं सुकाणू, बोटांमध्ये पडदे, डोळ्यांत सात पिढ्यांचा समुद्र. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून आठवेल ती कविता मोठ्यांदा म्हणतो. काठावर ताई घड्याळ धरून. म्हणते, कुत्र्याची वीस मिनिटं झाली, कवीची कधी होणार?

वजन अडतीस!

लोभ उतू जातो आहे, सांभाळून घे.
आजोबा

३ जून

चि. डॉक्टरीणबाईंस, आशीर्वाद.

काल काट्यावर उभा केला. चौतीस किलो तीनशे ग्रॅम. पट्टा काढला, ताईने ओलं अंग पुन्हा टिपलं. चौतीस तीनशेच. आता तो जिना उड्या मारत चढतो. इथले डॉक्टरही हळहळले, नुसतं चौतीस लिहितो म्हणाले. मी हो म्हणणारच होतो, तेवढ्यात ताईने त्यांचं पेन धरलं. जन्मात कधी तक्ता खोटा लिहिला नाही, म्हणाली, आणि आज लिहू देणार नाही. बाहेर बाकावर येऊन मात्र गठ्ठ्याच्या मानेत तोंड खुपसून बसली. मी भांडायला गेलो होतो, शेजारी बसून राहिलो.

नवा एक्स-रे सोबत आहे. गठ्ठ्याचं सामान बांधलं आहे. कधी येतेस, कळव.

लोभ असू दे. घरात आता तेवढाच उरेल.
आजोबा आणि आत्याआजी

७ जून

ती. आजोबा, ती. आत्याआजी,

नमस्कार नंतर; आधी ते सामान सोडा!

खुबा जन्माचा सैल आहे, तो तसाच राहणार. पण तो उड्या मारत जिना चढतो, म्हणजे त्याभोवतीचे स्नायू असे भरलेत की ऑपरेशनचं नाव काढायचं कारण नाही. तक्त्यावर चौतीस लिहून आलं असतं, तर मी फसले असते आणि पुढे गठ्ठ्याने सोसलं असतं. खरं वजन कळवणाऱ्या माणसांकडून मी पेशंट हलवत नाही. उरलेले तीनशे ग्रॅम या महिन्यात उतरवा.

सा. न. वि. वि., आणि दोघांचा लोभ असाच एका पाकिटातून येऊ द्या.
डॉक्टरीण