‘नी’वरचा थांबा

मंगळवार, दुपार

चि. बेबीस काकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. माझे गुडघे कुरकुरतात. तुझ्या आईने तुझ्यासाठी लोकर आणून ठेवली आहे. तुझे बाबाही ठीक आहेत. म्हणजे जेवतात. तू काळजी करू नकोस, ती करायला मी आहे.

मागच्या आठवड्यात ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या जमवणारे एक गृहस्थ आले. त्यांना तुझ्या आजोबांची तरुणपणीची तबकडी मिळाली होती, आम्ही भाऊ जन्मायच्या आधीची. तुझ्या बाबांनी, म्हणजे दादाने, सगळ्या शिष्यांना बोलावलं. तान चढत जाते आणि वरच्या ‘सा’ला भिडण्याआधी ‘नी’वर क्षणभर थांबते, तो आपल्या घराण्याचा थांबा मूळ गळ्यातून ऐका, म्हणाला. हा थांबा जुन्या धृपद गाणाऱ्यांकडून आला, असं तो जन्मभर शिकवत आलाय. तू तो घेईनास, म्हणून तुला म्हणाला होता, “हे आमच्या घरचं गाणं नाही.” आणि तू गेलीस.

तबकडी लागली. आजोबांची तान सरळ ‘सा’वर गेली. थांबलीच नाही.

मी म्हटलं, सुई घसरली असेल. पुन्हा लावली. पुन्हा तेच.

आमची आत्या कोपऱ्यात भाजी निवडत होती. म्हणाली, “दम्याच्या आधीचं दिसतंय हे. पुढे माझ्या भावाला श्वास पुरायचा नाही, म्हणून थांबायचा तिथे. तुम्ही पोरांनी तेच उचललंत. मला वाटलं, ठाऊक आहे तुम्हाला.”

एक शिष्य हसला. दादा त्याला रागावलासुद्धा नाही. तेच मला जास्त लागलं.

तेव्हापासून शिकवणी बंद आहे. आज सकाळी मात्र तो गायला बसला. मी मागे तानपुऱ्यावर. सरळ जाऊन बघत होता, पण गळा ‘नी’पाशी अडायचा. पुन्हा गेला, पुन्हा अडला. या वयात गळा कोणाचं ऐकतो? शेवटी मला म्हणाला, “पोरगी कशी जायची रे इथून?”

“तिलाच विचार,” म्हटलं.

तू ये, असं तो म्हणालेला नाही. खोटं कशाला लिहू? मी म्हणतोय. मघाशी मी तानपुरा तुझ्या पट्टीत चढवून ठेवला. त्याने येऊन तारा छेडून पाहिल्या, पण उतरवल्या नाहीत.

मात्र तारा फार ताणल्या आहेत, तुटतील अशी मला धास्ती वाटते. तेव्हा उशीर करू नकोस.

तुझा
काका