मशीनचं तोंड खिडकीकडं

संघदीपचे बाबा,

मी यवतमाळले मशीन पाहाले चालली. भाजी चुलीवरच्या गंजात हाय, जेवून घ्या.

डॉक्टर म्हणतात चाला, तुम्ही म्हणता गुडघे दुखतात. म्हणून ट्रेडमिल नाही, एलिप्टिकल आणतो, उभ्यानं पायपट्ट्या सायकलीवानी फिरवाची मशीन. त्याच्यावर पाय पट्टीवरून उचलाच लागत नाही, गुडघ्याले हिसका बसत नाही. पण मानूस हातभर वर चढते. म्हणून रात्री तुम्ही झोपल्यावर सुतळीनं तुमची उंची मोजली, मंग पंख्याची. हसू नका, डोकं तुमचंच हाय.

गुडघ्याचं निमित्त मले समजते. पोरानं मनानं लग्न केलं आन् समोरच्या घरात राहाले गेला, तवापासून त्याच्या दारावरून जा लागू नये म्हणून तुम्ही फिरनं सोडलं. बरं, नका जाऊ. घरातच चाला. पण मशीन बैठकीत राहीन आन् तोंड खिडकीकडं. तिथून सूनबाई अंगण झाडतानी दिसते.

तुम्ही तवाच लावून टाकलेली ते खिडकी मी आज उघडली. लावाले जासान त लागनार नाही. कडी काढून मी पिशवीत नेली हाय.

संघदीपची माय